पुंजारामचे कान आणि जवसाचं तेल

अंजनगाव सुर्जीत पुंजारामची ओळख कुणी तोंडावरून सांगत नसे, कानांवरून सांगत. कान दिसायला काही राजबिंडे नव्हते. सुपासारखे बाहेर आलेले, आणि उजव्या कानावर अर्धी विडी कायम खोचलेली. पण इंजिनाच्या पोटात काय दुखतं ते या कानांना कळतं, असा त्यांचा लौकिक पार दर्यापूरपर्यंत पोचला होता.

पुंजाराम मूळचा इथलाच, वांगी-मिरची लावणाऱ्या घरातला. तरुणपणी मातीला कंटाळून अकोल्याला पळाला आणि कापसाच्या एका जिनात सरकी ओढायला लागला. तिथून सरकत सरकत तो इंजिनखोलीत शिरला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला एकच विद्या दिली: कडुनिंबाची काडी. काडीचं एक टोक बेरिंगच्या टोपणावर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि डोळे मिटायचे. धातू सुखी असेल तर घुं-घुं असा भरीव आवाज येतो, तेल कमी पोचत असेल तर आत कुणी दात खातंय असं वाटतं. पुढं ते जीन बंद पडलं, इंजिन विकायला निघालं, आणि अंजनगावच्या महादेवराव पाटलांनी ते आपल्या विहिरीसाठी घेतलं. मूर्तिजापूरहून अरुंद रुळांवरच्या धाकट्या गाडीच्या वाघिणीत इंजिन आलं, तेव्हा नवरीशेजारी पाठराखीण बसावी तसा पुंजाराम त्याच्या शेजारी बसून आला. लोक स्टेशनावर इंजिन पाहायला गेले होते. त्याच्या आईनंही आधी इंजिनच पाहिलं.

त्या दिवसापासून मोटेची बैलं सुटली. पाटलांचा संत्र्याचा बाग भिजायचा आणि मग पाळीपाळीनं भोवतालचे भाजीचे वाफे आणि पानमळे भिजायचे. इंजिनाला एक दाबाचा काटा होता. वंगणाचं तेल पंपानं किती जोरानं नळीत ढकललं जातंय ते तो दाखवायचा. पुंजाराम त्याच्याकडं बघायचा, पण पाहुण्याच्या पोराकडं बघावं तसा.

"काटा कंपनीचा हाय," तो म्हणायचा, "कान माहे हायेत. कंपनी काही अथी येऊन बसत नाही."

तेल बदलायचा दिवसही त्यानं आपल्याच रीतीनं धरला होता. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत, म्हणून त्या दिवशी तो इंजिनही जुंपत नसे. खालचं बूच काढून एक थेंब दोन बोटांत चोळायचा, वास घ्यायचा, आणि तेल थकलं असलं की सगळं सोडून नवं भरायचा. सोडलेलं काळं तेल वाया जात नसे. गाडीवान आपापली नळकांडी घेऊन रांगेत उभे असत, कारण बैलगाडीच्या आखाला त्याच्यासारखं वंगण नाही. इंजिन यायच्या आधी आख जवसाच्या तेलावर चालायचे, त्यात जळक्या कडब्याची राख कालवून. आता जवसाचं तेल पुन्हा फोडणीकडं गेलं होतं.

एवढं सगळं सुरळीत होतं. बिघडले ते कान.

एकदम नाही गेले. उधारीवरचं गिऱ्हाईक जसं हळूहळू यायचं बंद होतं, तसे एकेक आवाज यायचे बंद झाले. आधी पाखरं गेली. मग पाटातल्या पाण्याची खळखळ गेली. मग बायकोचं बोलणं गेलं, आणि खरं सांगायचं तर काही दिवस ही तिसरी गोष्ट त्याला मानवलीही. पण एका दुपारी त्यानं काडी कानाशी धरली, डोळे मिटले, आणि आत काहीच नव्हतं. इंजिन समोर थडथडत होतं, पायाखालची फरशी हलत होती, आणि काडीच्या टोकाला मात्र कापूस कोंबल्यासारखी शांतता. त्यानं काडी बदलली. मग कडुनिंब बदलला. मग गप्प बसला.

तेव्हापासून तो सगळ्यांना हो म्हणायला लागला. शेजारच्या पानमळ्याची गोदाबाई, विधवा बाई, जिभेला धार अशी की सुपारी कातरायला अडकित्ता लागू नये. ती एकदा बांधावर येऊन थोरला दीर गेल्याचं सांगत होती. पुंजाराम हसून म्हणाला, "बेस झालं, माय!" गोदाबाईचं दिराशी आधीपासूनच पटत नव्हतं, म्हणून निभावलं.

बायकोला, मैनाबाईला, मात्र केव्हाच कळलं होतं. ती बोलायच्या आधी त्याच्या खांद्याला हात लावायची, समोर येऊन बोलायची, चार माणसांत त्याला काही विचारलं तर मधेच आपण उत्तर देऊन टाकायची. लोक म्हणायचे, पुंजारामची बायको भलती तोंडाळ झाली. दोघं या विषयावर एकदाही बोलली नव्हती.

दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली, चाकाला झेंडूची माळ पडली, आणि पाटलांनी सोनं वाटताना सगळ्यांसमोर काहीतरी म्हटलं. लोक हसले. लोक हसले म्हणून पुंजारामही हसला. काय म्हटलं ते त्याला घरी आल्यावर मैनाबाईनं समोर बसून सांगितलं: "पाटील म्हने, इंजिन अकोल्याचं, इहीर माही, पन भरवसा पुंजारामच्या कानाचा. ज्या दिवशी हे कान थकतीन, त्या दिवशी अमरावतीहून डायवर आनीन."

"मग?"

"मग तुमी सगळ्यायपेक्षा मोठ्यानं हासले."

त्या रात्री तो ताट सारून अंगणात जाऊन बसला. वांगी लावायला परत जाणं म्हणजे काही मरण नव्हतं. पण गावात शंभर माणसं वांगी लावत होती आणि इंजिन एकालाच कळत होतं. ते कळणं गेल्यावर आपल्यात उरतं काय, हे त्यानं चाचपून पाहिलं, आणि हाताला काही लागलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो, ज्याला त्यानं उभ्या जन्मात किंमत दिली नव्हती, त्या काट्याची मनधरणी करायला लागला. सकाळी इंजिन गार असतं, तेल घट्ट असतं, काटा वर चढतो. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि काटा थोडा खाली येऊन ठरतो. तो तिथं ठरला की पुंजारामचा जीवही ठरायचा. काडी तो अजून धरायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. देवळात बसून मनात हिशोब करणाऱ्या माणसासारखं.

अशात लढाईनं तेल खाल्लं. जर्मनी कुठं, जपान कुठं, आणि अंजनगावची अमावस्या कुठं. पण वंगणाचं तेल कंट्रोलात गेलं आणि परमिटाशिवाय थेंब मिळेना. पाटील अमरावतीला हेलपाटे घालून यायचे आणि टोपी काढून नुसता वारा घ्यायचे. फाल्गुनाची अमावस्या गेली, चैत्राची गेली. जुनं तेल काढून नवं भरायचं सोडा, जळून कमी झालेलं भरून काढायलाही काही नव्हतं. बोटांत चोळलेला थेंब पाण्यासारखा पातळ आणि हाताला कचकच लागणारा. काटा रोज थोडा थोडा खाली बसायला लागला, दुखणाईत माणूस अंथरुणात खाली सरकतो तसा.

वैशाख लागला. पानवेलीला या दिवसांत पाणी चुकलं तर ती रुसत नाही, सरळ मरते. गोदाबाई रोज येऊन इंजिनखोलीच्या दारात उभी राहायची.

"काय गा पुंजारामभाऊ, काटा पाहून राहिला का पोथी वाचून राहिला?"

तिचे ओठ त्याला आता वाचता येत होते. "तेल नाही, गोदाबाई. बिना तेलाचं इंजिन किती दिवस चालवू?"

"तेल नाही काहून? जवस काय देशोधडीले लागला? माह्या घरी डबा भरून हाये. माह्या सासऱ्याच्या गाड्या जलमभर जवसावर चालल्या, एक आख जळला नाही. तुहं इंजिन काय गाडीपेक्षा नाजूक हाये?"

पाटीलही तिथंच होते. ते म्हणाले, "बोल ना बाप्पा. चालीन का?"

पुंजारामनं काट्याकडं पाहिलं. अकोल्याच्या मिस्त्रीनं त्याला एरंडेलाबद्दल सांगितलेलं आठवत होतं, अडीनडीला थोडे दिवस चालतं म्हणून. जवसाबद्दल तो काही बोलला होता का, ते आठवेना. एरवी त्यानं म्हटलं असतं, थोडं घालून पाहू, आवाज आयकू, मग सांगतो. पण आवाज ऐकायचा म्हणजे कुणी? काटा खाली बसत होता, आणि काट्याशिवाय त्याला आता कुणीच नव्हतं.

"चालीन," तो म्हणाला. "गाडीले चालते तर याले काय धाड भरली!"

जवसाचं तेल आत गेलं आणि काटा उठून बसला. नुसता बसला नाही, पार चढला. अकोल्यात तो नवा असतानाही इतका कधी चढला नव्हता. पाटलांनी गूळ वाटला. गोदाबाईनं आपल्या डब्याची कीर्ती वेशीपर्यंत नेली. "कंपनीचं तेल काय घेऊन बसले! आमचा जवस पाय, जवस!" पानमळ्यात पाणी खेळलं. गाडीवानांनी मात्र तोंडं वाकडी केली, की आता अमावस्येला मिळणारं काळं तेलसुद्धा घरच्याच जवसाचं असणार, मग त्यात मजा काय.

पुंजारामनंही गूळ खाल्ला. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इंजिन सकाळपासून चालत होतं, हात लावला तर चटका बसावा इतकं तापलं होतं, आणि काटा खाली यायला तयार नव्हता. तापलं की खाली यायचं, ही त्याची रीत. हा वरच ठाण मांडून बसलेला, व्याह्याच्या घरी रुसून बसलेल्या सोयऱ्यासारखा. पुंजारामनं स्वतःची समजूत काढली: वर तर वर, चांगलंच आहे. दाब जास्त म्हणजे तेल जास्त. मग काडी घेतली, कानाशी धरली. कापूस.

त्या दुपारी तो पाटाच्या कडेनं चालला होता. विहिरीच्या तोंडाशी पाट काठोकाठ भरलेला, पाणी फुगून बांधावरून सांडत होतं. गोदाबाईच्या मळ्याच्या शेवटच्या वाफ्यात मात्र माती पांढरी पडलेली. ती तिथून हात हलवत ओरडत होती. शिव्या असाव्यात, चेहऱ्यावरून लांबलचक वाटत होत्या. पुंजारामनं पाटात पाय घातला. मध्यावर गवताचा गुंताळा आणि गाळ अडकलेला. त्याच्या अलीकडं पाणी उफाणलेलं, पलीकडं ठणठणीत. त्यानं गुंताळा ओढून काढला आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला.

काटा बसवला होता तो पंपाच्या तोंडाशी. बेरिंग शेवटच्या वाफ्यात.

पाटाच्या तोंडाशी पाणी फुगलं म्हणून शेवटचा वाफा भिजला असं कोण शहाणा म्हणेल? आणि तो तर चार दिवस तेच म्हणत होता. जवसाचं तेल बसायच्या पाटावर सांडलं तर काही दिवसांत चिकट कातडं धरतं, हे कुठल्याही घरातली लहान सून सांगेल. तापलेल्या बोटाएवढ्या नळीत ते काय करत असेल?

तो धावत इंजिनखोलीत आला. काटा वरच. फक्त एक आवाज ऐकायचा होता. कुणीही, कानाचं कुणीही माणूस, काडी धरून सांगू शकलं असतं. दारातून पाटलांचा सालदार जात होता. पुंजारामनं तोंड उघडलं आणि मिटलं. ऐक म्हणायचं म्हणजे, मला ऐकू येत नाही म्हणायचं. सालदार निघून गेला. इंजिन चालत राहिलं. आत शाफ्ट कोरडा घासत असेल, किंवा नसेलही. त्याला वाटलं, आपण उगाच भितो. मग वाटलं, उगाच भितो असं वाटणं हेच भिण्याचं कारण आहे.

मैनाबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा तो घामानं निथळत बसला होता. तिनं खांद्याला हात लावला. त्यानं काडी तिच्या हातात दिली. एक टोक चाकाजवळच्या टोपणावर टेकवलं, दुसरं तिच्या कानाकडं वळवलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. इतके दिवस दोघांनी जे झाकून ठेवलं होतं, ते त्या काडीएवढं दोघांच्या मधे उघडं पडलं.

"काय येते?" त्यानं विचारलं.

ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग समोर येऊन म्हणाली, "मले इंजिनातलं काय समजते, बाप्पा?"

"इंजिनातलं नोको सांगू. घरातलं सांग. जात्यावानी घरघरते, का उखळात कांडल्यावानी?"

तिनं पुन्हा कान लावला. "जातं हाये. पन जात्यात दाना नसला अन् कोनी रिकामंच फिरवलं, तर दगडावर दगड घासते ना? तसं. अन् मधात मधात उखळ."

पुंजारामनं पट्टा सरकवला आणि इंजिन बंद केलं.

इंजिन थांबलं की गावाला कळतं. पाणी आटायच्या आत गोदाबाई दारात हजर, तिच्यामागं पाटील, छत्री न उघडताच उन्हातून आलेले.

"अबे, वैशाखात इंजिन बंद?" पाटलांनी काट्याची काच ठोकली. "काटा तर कालपर्यंत आभाळात होता!"

"काटा खोटं बोलून राहिला, पाटील."

"काटा खोटं बोलते? तुले कोनं सांगितलं?"

पुंजारामनं मैनाबाईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. ओठ हललेही. पण शेवटी तोंडातून निघालं ते असं: "आवाज आला."

त्यानं बूच काढलं. नेहमीसारखी काळी धार आली नाही. आधी काहीच आलं नाही. मग खरवडलेल्या खळीसारखा एक तपकिरी गोळा लोंबकळत बाहेर आला आणि बुचाच्या तोंडाशी अडकला. नळी सोडवून त्यानं फुंकर मारली. पलीकडून वारा निघेना. टोपण उघडलं, तर बेरिंगचा मऊ धातू पापुद्र्यांनी सुटलेला, चांदीच्या वर्खासारखा चमकत. शाफ्टावर मात्र ओरखडाच होता, खाच नव्हती. आणखी एक पाळी चालतं तर शाफ्ट गेला असता, आणि लढाईच्या दिवसांत नवा शाफ्ट म्हणजे परमिटानं चंद्र मागवण्यासारखं.

गोदाबाई त्या गोळ्याकडं बघत राहिली. "हा माह्या डब्यातला जवस हाये?" ती हळूच म्हणाली. "बाई गं!" जन्मात पहिल्यांदा तिचं वाक्य एवढ्यावर संपलं.

"डबा तुहा, पन घातला मी," पुंजाराम म्हणाला. तिच्या मनाला काय लागलं ते ओठांवरून नाही, चेहऱ्यावरून त्याला कळलं होतं. मग तो टोपणापाशी वाकला आणि धातूचे पापुद्रे चिंधीनं टिपायला लागला.

पाटलांनी त्याच्या खांद्यावरून वाकून शाफ्ट पाहिला. मग त्यांचा राग उतरला, कारण शाफ्ट वाचला होता. ते पुंजारामच्या मागं उभे होते. तिथूनच म्हणाले, "पुंजाराम, मानलं लेका. काट्याले नाही समजलं ते तुह्या कानाले समजलं. हे कान नसते तर माहं इंजिन गेलं असतं."

पुंजाराम चिंधीनं टिपत राहिला.

"पुंजाराम, तुले म्हनून राहिलो मी."

चिंधी फिरत राहिली. इंजिन बंद होतं, पंप बंद होता. बाहेर चिमणी बोलली असती तरी ऐकू आली असती. मैनाबाई झटकन पुढं झाली, नेहमीसारखं मधेच उत्तर द्यायला, पण पाटलांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी पुंजारामच्या पाठीकडं पाहिलं, मग कोपऱ्यात टेकवलेल्या काडीकडं, मग मैनाबाईकडं.

"कोनं आयकलं?"

"मी," मैनाबाई म्हणाली. "भाकरी घेऊन आली होती."

पाटील वळसा घालून पुंजारामच्या समोर आले. आणि मग त्यांनी एकेक शब्द तोडून, मोठ्यानं, तोंड वासून, हातवारे करत विचारलं, जसं परमुलखातल्या माणसाला किंवा खुळ्याला विचारतात: "बेरिंग! नवं! वतून! अमरावतीले! न्या लागन का?"

त्या आवाजातलं पुंजारामला काही ऐकू आलं नाही. त्या तोंडावरून मात्र सगळं ऐकू आलं. त्यानं चिंधीला हात पुसले, कानावरची विडी काढली, आणि पेटवली नाही.

"हो पाटील," तो म्हणाला. "न्या लागन."

बेरिंग अमरावतीहून नवा धातू ओतून आलं. परमिटाचं तेलही आलं, आणि त्या दोघांबरोबर एक डायवर आला. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुंजारामला काढलं नाही, पाणी द्यायला ठेवलं. इंजिन बंद होतं तेवढे दिवस जुन्या मोटा बाहेर निघाल्या आणि गोदाबाईचे अर्धे वेल तरी जगले. उरलेल्यांबद्दल ती पुंजारामला अजून बोलते. त्याला ऐकू येत नाही हे आता गावाला माहीत असल्यामुळं ती पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलते, एवढाच फरक.

नवा डायवर काट्याकडं बघतो. काडी त्यानं पहिल्याच दिवशी चुलीत घातली. पण मैनाबाई दुपारी भाकरी घेऊन शेताकडं जाते, तेव्हा वाट वाकडी करून इंजिनखोलीच्या भिंतीशी थोडी टेकते. डायवरला वाटतं, बाई सावलीला थांबली. पार शेवटच्या वाफ्यावर पुंजाराम फावड्यावर हात ठेवून तिच्याकडं बघत असतो. ती हात वर करते आणि हवेत जातं फिरवल्यासारखा गोल फिरवते. म्हणजे दाणा आहे, दळण चालू आहे. मग तो मान खाली घालतो आणि बारं मोडतो, पाणी पुढच्या वाफ्यात वळवतो.

परवा अमावस्येला नव्या डायवरनं इंजिन चालूच ठेवलं. त्याला अमावस्या मान्य नाही. गाडीवान नळकांडी घेऊन परत गेले. मैनाबाई भिंतीशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. पुंजाराम पाणी सोडून तिच्या हाताकडं बघत होता. हात वर गेला, गोल फिरला, आणि अर्ध्यावर थांबला.

वाफा फुटून पाणी भलतीकडं चाललं होतं. पुंजारामनं फावडं तिथंच टाकलं आणि तो इंजिनखोलीकडं चालायला लागला.